ब्रेक्झिटचा निकाल लागला तेव्हा काय काय झालं: सारखे विचारले जाणारे प्रश्न

सुट्टीवर पुण्याला आलो की कुणी ना कुणी हा विषय काढतंच, आणि व्हॉट्सअपवर तर बारा महिने चालू असतं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी २०१४ पासून लंडनच्या पश्चिमेला हाउन्स्लोत राहतो. वकील नाही, त्यामुळे व्हिसाचं जे लिहिलंय ते वाचून लगेच कुणा एजंटाला पैसे देऊ नका, आधी सरकारी साइट बघा. प्रश्नांना नंबर दिलेत, म्हंजे तेच तेच दोनदा लिहायला नको.

१. ब्रेक्झिट ब्रेक्झिट म्हणतात ते नक्की काय? अगदी बेसिकपासून सांगा.

ब्रेक्झिट म्हंजे ब्रिटनचं एक्झिट, युरोपियन युनियनमधून बाहेर पडणं. ब्रिटन १९७३ च्या १ जानेवारीला युरोपियन कम्युनिटी या युरोपातल्या देशांच्या गटात गेलं, तिचंच पुढे युरोपियन युनियन (ईयू) झालं. राहायचं की नाही म्हणून १९७५ मध्येच एकदा सार्वमत झालं होतं, तेव्हा ६७ टक्के लोक राहूया म्हणाले. नंतर २३ जून २०१६ ला तोच प्रश्न परत विचारला आणि या वेळी ५१.९ टक्के लोकांनी निघूया म्हणून सांगितलं, ४८.१ टक्के राहूया म्हणाले. आकड्यात सांगायचं तर १ कोटी ७४ लाख विरुद्ध १ कोटी ६१ लाख. निघणाऱ्यांची बाजू म्हंजे लीव्ह, राहणाऱ्यांची रिमेन, हे दोन शब्द पुढे सारखे येतील. आणि मतदान झालं म्हणून देश दुसऱ्या दिवशी बाहेर पडला असं अजिबात नाही, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

२. तुम्ही तिथेच होतात ना? निकालाच्या दिवशी लोकांची पहिली रिऍक्शन काय होती?

आदल्या रात्री दहा वाजता मतदान संपलं तेव्हा सगळे धरूनच चालले होते की रिमेन जिंकणार. लीव्हवाल्यांचा सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस नायजेल फराज, तो सुद्धा टीव्हीवर बोलून गेला की बहुतेक रिमेनच काढतंय असं दिसतंय. मग मध्यरात्रीच्या सुमारास न्यूकॅसलचा निकाल आला, तिथे रिमेन जेमतेम ५०.७ वर, आणि थोड्याच वेळात संडरलँड, तिथे लीव्ह ६१ टक्के. तिथून रात्र उलटी फिरली. पहाटे चार-चाळीसला बीबीसीने सांगून टाकलं की लीव्ह जिंकलं, तेव्हा भारतात सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती म्हणजे तुम्हाला आमच्या शेजाऱ्यांच्या आधी कळलं.

आम्ही पाच जण एका घरात भाड्याने राहायचो. त्यातला एक सासष्टीतला गोंयकार, पोर्तुगीज पासपोर्टवर, म्हंजे ईयूचा नागरिक म्हणून व्हिसाशिवाय आलेला (तो पासपोर्ट कसा मिळतो ते प्रश्न ११ मध्ये), हीथ्रोजवळच्या एका वेअरहाउसात नाइट शिफ्ट करायचा. तो सहाच्या पुढे घरी आला, मी चहा टाकला होता, टीव्ही चालू होता. एरवी आल्या आल्या बूट काढणारा माणूस, त्या दिवशी पिवळं रिफ्लेक्टरचं जाकीट अंगावर तसंच ठेवून दाराशी उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "आतां कितें करप रे?" मला काही सुचेना. चहा त्याने घेतलाच नाही, गार झाला. मडगावहून आईचा फोन आला, तिने सकाळीच बातमी बघितलेली, तिला एकच विचारायचं होतं की तुला परत पाठवणार का, आणि हा तिला अगदी शांतपणे समजावत होता की नाही गं काही होत नाही, ज्यातलं त्याला स्वतःला काहीही माहीत नव्हतं.

साडेआठच्या आसपास पंतप्रधान कॅमेरन बायकोला घेऊन घराबाहेर आले आणि राजीनामा देणार म्हणून सांगितलं. मी ऑफिसला गेलो तर लिफ्टमध्ये चिडीचूप. आमच्या टीममध्ये सगळेच रिमेनवाले असावेत असं मला वाटायचं, पण त्या दिवशी कुणी कुणाला विचारेचना की तू काय दिलंस. ते विचारायचं नाही हे तेव्हापासून जे ठरलं ते आजतागायत.

३. म्हणजे सगळा देशच दुःखात होता का? मग मतं कुणी दिली?

छे, अर्ध्या देशात पार्टी चालू होती. लंडनमध्ये बसून बघितलं की सुतक वाटायचं, कारण लंडनने ६० टक्के रिमेन दिलेलं, आणि आपले मराठी लोक बहुतेक लंडन आणि आजूबाजूलाच, म्हणून तुमच्यापर्यंत सुतकाच्याच बातम्या आल्या. इंग्लंड ५३ टक्के लीव्ह, वेल्स साडेबावन्न टक्के लीव्ह. ज्या गावांतल्या खाणी, गिरण्या, कारखाने बंद पडून तीस वर्षं झाली तिथल्या लोकांना पहिल्यांदाच वाटलं की आपलं मत कुणाच्या तरी वर्मी लागलं. गिरणगाव बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

उलट स्कॉटलंड ६२ टक्के रिमेन, उत्तर आयर्लंड जवळजवळ ५६. स्कॉटलंडचा राग तर दुप्पट होता, कारण २०१४ मध्ये त्यांनी स्वतंत्र व्हायचं का यावर मतदान केलं तेव्हा त्यांना हेच सांगितलेलं की ब्रिटनबरोबर राहिलात तरच युरोपात राहाल. निकालाच्या दिवशीच स्कॉटलंड सरकारच्या तेव्हाच्या प्रमुख निकोला स्टर्जन म्हणाल्या की दुसरं स्वातंत्र्याचं सार्वमत होण्याची दाट शक्यता आहे. ते अजून झालेलं नाही, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लंडनच्या परवानगीशिवाय घेता येणार नाही.

आणि कॉर्नवॉल. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाचा, युरोपकडून विकासासाठी भरपूर पैसा मिळणारा भाग, तिथे साडेछप्पन्न टक्के लीव्ह, आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या कौन्सिलने मागणी केली की तो पैसा बंद होणार नाही याची हमी द्या. मी हसलो होतो तेव्हा, खोटं कशाला बोलू.

४. निकाल लागल्यावर लोकांनी गुगलवर "ईयू म्हणजे काय" शोधलं म्हणे, खरं का?

सर्च वाढला होता हे खरं. पण कुणी शोधलं ते त्यात दिसत नाही, मत न दिलेल्यांनी असेल, शाळेतल्या पोरांनी असेल. "मूर्खांनी आधी मत दिलं आणि मग गुगल केलं" हा फॉरवर्ड मलाही आला होता, मी तो पुढे ढकललाही होता.

५. परत मतदान घ्या अशी मागणी झाली होती ना? मग का नाही घेतलं?

झाली की. पार्लमेंटच्या साइटवरच्या पिटिशनवर ४१ लाखांच्या वर सह्या पडल्या. गंमत अशी की ते पिटिशन निकालाच्या आधी, मे महिन्यात, एका लीव्हवाल्यानेच टाकलं होतं, त्याला वाटत होतं आपण थोडक्यात हरू म्हणून आधीच तरतूद! सरकारने नाही म्हणून सांगितलं. २ जुलैला लंडनमध्ये हजारोंचा मोर्चा निघाला, नंतरच्या वर्षांत त्याहून कितीतरी मोठे निघाले. कायद्याने बघायला गेलं तर सार्वमत सरकारवर बंधनकारक नव्हतंच, सल्ला होता फक्त, पण पावणेदोन कोटी लोकांचा सल्ला केराच्या टोपलीत टाकायची हिंमत कुठल्याही मोठ्या पक्षात नव्हती.

६. पाउंड कोसळला म्हणजे किती? आपल्या पैशांवर काय परिणाम झाला?

रात्री दहाला एका पाउंडला दीड डॉलर मिळत होते, सकाळपर्यंत १.३३ च्या खाली, १९८५ नंतरचा नीचांक. रुपयात शंभरीच्या आसपास होता तो नव्वदीच्या सुरुवातीला आला आणि जुलैत आणखी घसरला. आता तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात त्यावर हे चांगलं की वाईट. मी एज्युकेशन लोन काढून आलेला, हप्ता रुपयात, पगार पाउंडात, त्यामुळे तेवढाच हप्ता पाठवायला दर महिन्याला जास्त पाउंड जायला लागले. आणि त्याच सप्टेंबरला ज्यांची पोरं शिकायला येणार होती त्यांना फी लाख-दीड लाखांनी स्वस्त पडली, आमच्या काकांनी मला फोन करून अक्षरशः आनंद व्यक्त केला.

मुंबईत सेन्सेक्स त्या दिवशी मधेच हजारावर पॉइंट खाली जाऊन शेवटी ६०५ ने पडून बंद झाला. टाटा मोटर्स जोरात आपटला कारण जग्वार लँड रोव्हरचे कारखाने तिकडे. बरं त्याच्या आधीच्याच आठवड्यात रघुराम राजन यांनी सांगितलेलं की मी रिझर्व्ह बँकेत दुसरी टर्म घेणार नाही, त्याला पेपरवाले रेक्झिट म्हणत होते, म्हणजे आधी रेक्झिट मग ब्रेक्झिट. आणि २७ जूनला युरो कपात आइसलंडने इंग्लंडला २-१ ने हरवून घरी पाठवलं, तेव्हा आठवड्यात दोनदा युरोपातून बाहेर हा जोक इतक्यांदा ऐकला की विचारू नका.

७. ज्यांनी हे घडवून आणलं ते सगळे नंतर पळून गेले म्हणतात, ते काय?

जवळपास तसंच. कॅमेरननी सार्वमत लावलं, हरले, गेले. लीव्हचा चेहरा बोरिस जॉन्सन, सगळ्यांना वाटलं आता हेच पंतप्रधान, पण त्यांचा जोडीदार मायकेल गोव्ह ऐन वेळी उलटला आणि ३० जूनला जॉन्सन शर्यतीतून बाहेर. फराजनी ४ जुलैला पक्षाचं नेतेपद सोडलं, माझं काम झालं म्हणाले. विरोधी लेबर पक्षात नेते जेरेमी कॉर्बिन यांच्यावर त्यांच्याच १७२ खासदारांनी अविश्वास दाखवला, बाजूने फक्त ४०, तरी ते हलले नाहीत. शेवटी १३ जुलैला थेरेसा मे पंतप्रधान झाल्या, ज्या स्वतः रिमेनच्या होत्या. असं राजकारण आपल्याला नवीन नाही म्हणा, २०१९ नंतर महाराष्ट्रात जे झालं त्यापुढे हे अगदीच सात्त्विक.

लाल बसची गोष्ट याच्यातलीच. लीव्हवाल्यांच्या बसवर लिहिलेलं की आपण ईयूला आठवड्याला ३५ कोटी पाउंड पाठवतो, ते सरकारी दवाखान्यांना देऊया. निकालाच्या सकाळीच फराज टीव्हीवर म्हणाले की ते आश्वासन ही चूक होती. बस त्यांच्या गटाची नव्हती हे खरं, पण ती सकाळ काही लोक विसरले नाहीत.

८. परदेशी लोकांना त्रास झाला का? आपल्या लोकांना काही झालं का?

झाला. मतदानाच्या आठवडाभर आधी, १६ जूनला, जो कॉक्स या रिमेनच्या बाजूच्या खासदार बाईंचा भर रस्त्यात खून झाला होता, त्यामुळे वातावरण आधीच बिघडलेलं. निकालानंतरच्या रविवारी हॅमरस्मिथच्या पोलिश केंद्रावर कुणीतरी शिव्या रंगवल्या. नंतर लोक तिथे फुलं आणि कार्डं ठेवून गेले हेही खरं. इंग्लंड-वेल्समध्ये वंश किंवा धर्मावरून झालेले गुन्हे जुलै २०१६ मध्ये आदल्या जुलैपेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त नोंदले गेले.

रोख मुख्यतः पोलिश, रुमानियन लोकांवर होता, पण रस्त्यावर शिवी देणारा पासपोर्ट बघत नाही. मला बसमध्ये एक जण म्हणाला, आता बॅग भर. माझा ईयूशी काडीचाही संबंध नव्हता. मी पुढच्या स्टॉपवर उतरलो आणि मग लक्षात आलं की माझा स्टॉप अजून चार पुढे होता.

९. तुम्हाला मत होतं का? भारतीयांना कसं काय मत असेल?

होतं! हे कुणालाच खरं वाटत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना या सार्वमतात मत होतं, म्हंजे भारतीय पासपोर्टवाल्या मला होतं. आणि ईयूच्या नागरिकांना, ज्यांचं सगळं आयुष्य यावर ठरणार होतं, त्यांना नव्हतं, अपवाद फक्त आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसचा. म्हणजे एकाच घरात मला मत आणि माझ्या गोंयकार रूममेटला नाही, कारण त्याने भारतीय पासपोर्ट सोडून पोर्तुगीज घेतला होता. त्याने तो घेतला नसता तर त्याला मत असतं, पण मग तो इथे आलाच नसता.

आता लाजिरवाणा भाग. २३ जूनला लंडनमध्ये धो धो पाऊस, रेल्वेचा पार बोजवारा, मी वॉटरलूला दोन तास अडकलो, हाउन्स्लोत पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि केंद्र बंद. सकाळी जाता आलं असतं, पण म्हटलं संध्याकाळी बघू. आमच्या हाउन्स्लोत रिमेन जेमतेम ५१ टक्क्यांवर होतं. रूममेटने त्याबद्दल मला कधीही एक शब्द ऐकवला नाही.

१०. आपल्या भारतीय लोकांनी लीव्हला मत दिलं म्हणतात. का बुवा?

बहुतेकांनी नाही दिलं, सर्व्हेंप्रमाणे आशियाई मूळ असलेल्या मतदारांपैकी साधारण दोन-तृतीयांश रिमेनबरोबर होते. पण उरलेले एक-तृतीयांश काही थोडे नव्हेत, आणि स्लाउसारख्या देशी लोकांनी भरलेल्या गावाने ५४ टक्के लीव्ह दिलं. प्रीती पटेल, ऋषी सुनक दोघंही लीव्हचे.

त्यांचं म्हणणं मी जेवणाच्या टेबलावर किती वेळा ऐकलंय: रुमानियाचा माणूस उठून विमानात बसून येतो, आणि माझ्या भाच्याला पगाराची अट, इंग्लिशची परीक्षा, हजारो पाउंड फी. करी हाउसवाल्यांना तर प्रचारात सरळ सांगितलं होतं की युरोपवाले कमी झाले की तुमच्या आचाऱ्यांना व्हिसा मिळेल. आचाऱ्यांना काही विशेष मिळालं नाही. पण एकूण बघितलं तर झालं असं, की बाहेर पडल्यावर युरोपातून येणारे घटले आणि भारतातून येणारे वाढले, विद्यार्थी, नर्सेस, आयटीवाले, केअर होममध्ये काम करणारे. जून २०२३ पर्यंतच्या वर्षात आलेल्यांतून गेलेले वजा केले तरी ९ लाखांच्या वर लोक वाढले. परके लोक कमी व्हावेत म्हणून ज्यांनी लीव्ह दिलं त्यांची यावरची रिऍक्शन मी इथे लिहू शकत नाही.

११. गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्ट काढून आता यूकेला जाता येतं का?

कामाला, नाही. सगळ्यात जास्त मेसेज याचे येतात आणि अजून एजंट लोकांना फसवतात, म्हणून जरा नीट.

१९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्या माणसाची आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांची जन्मनोंद लिस्बनला करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं, ते ब्रेक्झिटने बदललं नाही. त्यावर युरोपियन युनियनमध्ये, म्हंजे आयर्लंडमध्येही, राहता येतं, काम करता येतं, तेही बदललं नाही. बदललं ते ब्रिटनचं: ३१ डिसेंबर २०२० नंतर आलेल्या पोर्तुगीज नागरिकाला कामासाठी भारतीय पासपोर्टवाल्यासारखाच व्हिसा लागतो, फिरायला यायचं असेल तर फक्त ऑनलाइन परवानगी.

जे त्या तारखेआधी इथे राहत होते त्यांनी सेटलमेंट स्कीममध्ये अर्ज करायचा होता, मुदत ३० जून २०२१. पाच वर्षं झाली असतील तर सेटल्ड, म्हंजे कायमचं राहायची परवानगी, नसतील तर प्री-सेटल्ड, म्हंजे तात्पुरती. जवळच्या नातेवाइकांना नंतरही बोलावता येतं, पण नातं त्या २०२० च्या तारखेआधीचं लागतं आणि नंतर लग्न केलेल्यांना हा रस्ता बहुतेक बंद. उशिरा अर्ज करायचा तर सबळ कारण लागतं, "मला माहीत नव्हतं" हल्ली सहज चालत नाही.

आणि हो, पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय जातं. दोन्ही ठेवता येत नाहीत, एजंट काहीही सांगू दे.

स्विंडनमध्ये गोंयकारांची मोठी वस्ती आहे, आणि त्या स्विंडनने जवळपास ५५ टक्के लीव्ह दिलं होतं.

१२. ब्रेक्झिटमुळे यूकेच्या व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही का?

आधीही येत नव्हतं. शेंगेन म्हंजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा गट, ब्रिटन त्यात कधीच नव्हतं. भारतीय पासपोर्टला तेव्हाही वेगळा शेंगेन व्हिसा लागायचा, आत्ताही लागतो.

१३. मतदान २०१६ ला आणि बाहेर पडले २०२० ला? मधली चार वर्षं काय करत होते?

भांडत होते. मार्च २०१७ मध्ये बाहेर पडायची नोटीस दिली, तीही सुप्रीम कोर्टाने सांगितल्यावर की आधी पार्लमेंटला विचारा. ती केस लढणाऱ्या जीना मिलर भारतीय वंशाच्या, जन्म गयानाचा, त्यांना जे काही ऐकून घ्यावं लागलं ते वाचवत नाही. मग मे बाईंनी करार आणला, १५ जानेवारी २०१९ ला तो ४३२ विरुद्ध २०२ असा पडला, परत आणला, परत पडला, तिसऱ्यांदा पण पडला. त्या गेल्या, जॉन्सन आले, त्यांनी पार्लमेंटच बंद ठेवायला बघितलं, सुप्रीम कोर्टाच्या अकराच्या अकरा न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं. डिसेंबर २०१९ ची निवडणूक जॉन्सननी ८० च्या बहुमताने मारली, कारण लोक इतके विटले होते की काहीही करा पण संपवा. ३१ जानेवारी २०२० च्या रात्री अकरा वाजता ब्रिटन बाहेर पडलं, नियम मात्र त्या वर्षअखेरपर्यंत जुनेच राहिले. म्हणूनच प्रश्न ११ मधली तारीख २०२० च्या डिसेंबरची आहे.

घड्याळात अकराच का? कारण ब्रसेल्सला तेव्हा बारा वाजतात. निघायची वेळही युरोपच्या घड्याळाने.

१४. आयर्लंडचा एवढा गोंधळ कशासाठी?

आयर्लंड देश ईयूत आणि उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, मधे साधारण ५०० किलोमीटरची सीमा. ती १९९८ च्या शांतता करारानंतर दिसेनाशी झाली होती, आपल्याकडे सावंतवाडीहून पेडण्याला जावं इतकी साधी. ब्रिटन बाहेर म्हंजे तिथे चेकपोस्ट येणार, आणि तिथे चेकपोस्ट म्हंजे जुन्या रक्तपाताची आठवण. शेवटी मालाची तपासणी समुद्रावर नेली, बाकीचं ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडच्या मधे, त्यावर तिथले ब्रिटनवादी, म्हंजे ब्रिटनमध्येच राहायचं म्हणणारे, चिडले, २०२३ मध्ये विंडसर फ्रेमवर्क म्हणून त्यात दुरुस्ती केली.

निकालानंतरच्या दिवसांत उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या पोस्टात आयरिश, म्हंजे ईयूच्या, पासपोर्टचे फॉर्म संपले होते. इयन पेस्ली ज्युनियर, कट्टर ब्रिटनवादी पक्षाचे तेव्हाचे खासदार, त्यांनीही आपल्या मतदारांना सांगितलं की मिळत असेल तर घेऊन ठेवा.

१५. नाशिकच्या द्राक्षांवर परिणाम झाला का?

थोडा. पूर्वी नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात उतरलेला माल तिथून इंग्लंडला गेला तरी घरातल्या घरात गेल्यासारखं होतं, आता कस्टमचे कागद दुसऱ्यांदा करावे लागतात. तपशील एक्स्पोर्टरला विचारा, मी द्राक्षं फक्त खातो.

१६. आता लोकांना पश्चात्ताप होतो का? परत जाता येईल का?

गेली काही वर्षं बहुतेक पाहण्यांत निम्म्याहून जास्त लोक म्हणतात की चूक झाली. पण यातले सगळे मत बदललेले नाहीत, तेव्हा मतदान केलेली बरीच म्हातारी माणसं आता नाहीत आणि तेव्हाची शाळकरी पोरं आता मतदार झालीत. परत जायचं तर नव्याने अर्ज, सगळ्या सदस्य देशांचा होकार, आणि जुन्या सवलती मिळतीलच असं नाही. ओळखीचे लीव्हवाले कबूल करत नाहीत, "ब्रेक्झिट चांगलंच होतं, करणाऱ्यांनी वाट लावली" असं म्हणतात.

१७. ब्रिटनचा पासपोर्ट ब्रेक्झिटमुळे निळा झाला म्हणतात, खरं का?

झाला, २०२० पासून. ईयूत राहूनही निळा करता आला असता, रंगाची सक्ती नव्हतीच. छापायचं कंत्राट गेलं एका फ्रेंच-डच कंपनीला.

तो निळा पासपोर्ट आता माझ्याकडे आहे. रूममेटने पोर्तुगीजच ठेवलाय, सेटल्ड स्टेटस आहे त्याचं. गेल्या वर्षी दोघं लिस्बनला गेलो तर तो ईयूच्या रांगेतून दोन मिनिटांत पलीकडे, मी बाकीच्या जगाच्या रांगेत पाऊण तास. बाहेर आलो तेव्हा त्याची कॉफी पिऊन झाली होती, माझी झाकून ठेवली होती, गार.